टेलिंगमध्ये काय गेलं?

प्रश्न : ताई, आम्ही तुमसरचे. डोंगरी बुजुर्गची मँगनीजची खाण आमच्या तालुक्यातच आहे. मुलीला धनबादच्या आयआयटीत खनिज आणि धातू अभियांत्रिकीला जागा मिळते आहे. नातेवाईक म्हणतात, नागपुरात कॉम्प्युटर घ्या, पोरगी घराजवळ राहील. तिला विचारलं तर ती म्हणते, जाईन. माझा जीव मात्र होत नाही. मुलीला खाणीत धाडायचं का? आणि चार वर्षं हे शिकवतात तरी काय?
– एक वडील, तुमसर

उत्तर : दादा, खाणकाम वेगळं आणि हे वेगळं. डंपर जिथे दगड ओततो, तिथून तुमच्या लेकीचं काम सुरू होतं. त्या दगडातलं कामाचं किती आणि माती किती, आणि दोन्ही वेगळं करायचं कसं, एवढाच या विषयाचा प्रश्न आहे. पण त्यात आयुष्य जातं.

गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या आजीला विचारा. मँगनीजच्या खाणींवर बायका हातोडीने दगड फोडून, काळा आणि हाताला जड लागणारा तुकडा बाजूला टाकत असत. रंग आणि वजन, दोनच खुणा. पुढे तेच काम जिग नावाचं यंत्र करू लागलं. जिगमध्ये पाणी खालून वर धक्के देतं, जड मँगनीज तळाशी बसतं, हलका दगड वर राहून वाहून जातो. धनबादला तुमच्या लेकीला शिकवतील ते या हातांमागचं गणित. दगड किती बारीक केला म्हणजे खनिजाचा कण सुटा होतो, पाण्यात तो किती वेगाने बुडतो, चुंबकाला चिकटतो की नाही, हवेच्या बुडबुड्याला धरून वर येतो की नाही. भोवती झरियाचं कोळशाचं क्षेत्र असल्यामुळे कोळसा धुण्याचं शास्त्रही तिथे नीट शिकायला मिळतं. आपल्या कोळशात राख फार, म्हणून ते महत्त्वाचं. संस्था 1926ची आहे, आयआयटी ती 2016मध्ये झाली.

मी स्वतः नागपूरला धातुशास्त्र शिकले आणि तांब्याच्या एका कॉन्संट्रेटरवर, म्हणजे दगडातून तांब्याचं खनिज वेगळं काढणाऱ्या कारखान्यात, लागले. पुस्तकात पाठ केलेलं तिथे पहिल्याच महिन्यात अपुरं पडलं. एका सकाळी आमच्या मालातलं, म्हणजे वेगळ्या काढलेल्या खनिजातलं, तांब्याचं प्रमाण घसरलं. मी कागदावर आकडे मांडत बसले होते. फ्लोटेशनवरचे, म्हणजे बुडबुड्यांनी खनिज वर आणणाऱ्या टाक्यांवरचे, जुने ऑपरेटर काका आले, त्यांनी टाकीवरचा फेस पांढऱ्या बशीत घेतला, पाणी घालून बशी हलवली आणि म्हणाले, "चुना येत नाहीये." खरंच, चुन्याची नळी तुंबली होती. चुन्याने पाण्याचा सामू चढलेला असेल तर पायराइट, म्हणजे लोह-गंधकाचं नको असलेलं खनिज, खाली दबून राहतं. चुना कमी पडला की तेही तांब्याच्या खनिजाबरोबर फेसात वर येतं आणि मालातलं तांब्याचं प्रमाण उतरतं. मला हे तोंडपाठ होतं, पण बशीत दिसलं नव्हतं. त्या दिवसापासून बशी माझ्याही खिशात असे.

काकांनी दुसरी एक गोष्ट शिकवली. नवे इंजिनिअर मालाकडे बघतात, जुने टेलिंगकडे. टेलिंग म्हणजे उरलेला, धरणात सोडून द्यायचा गाळ. मुलीला हे गणित दाखवा. 100 टन दगडात तांबं 1 टक्का, म्हणजे 1 टन. माल 25 टक्क्यांचा निघाला आणि टेलिंगच्या गाळात तांब्याचं प्रमाण 0.1 टक्काच राहिलं, तर साधारण 3.6 टन माल मिळतो आणि 90 टक्के तांबं हाती लागतं. तेच प्रमाण 0.3 टक्के राहिलं, तर माल तेवढ्याच प्रतीचा असूनही हाती लागतं फक्त 71 टक्के. दशांश चिन्हानंतरच्या एका आकड्यावर खाण चालते किंवा बसते. आणि जे वाया गेलं ते गाळात कायमचं पुरलं जातं. हे वाचून तिचे डोळे चमकले तर तिला धाडा. कंटाळली तर कॉम्प्युटरच बरं, त्यात कमीपणा नाही.

आता तुमची भीती. 1952च्या खाण कायद्याने बायकांना जमिनीखाली काम करायची बंदी होती, आणि खाणीच्या हद्दीत जमिनीवरही संध्याकाळी सातनंतर. माझी अर्धी कारकीर्द सातच्या आत निघण्यात गेली. रात्रपाळीत काय बिघडलं ते मला सकाळी कळे, त्याचं मला फार वाईट वाटे. 2019मध्ये अटी घालून ही बंदी सैल झाली. बाईची लेखी संमती असेल तर जमिनीवर रात्रपाळीही करता येते. तुमच्या लेकीला माझ्यापेक्षा जास्त दार उघडं आहे. धूळ आहे, बॉल मिलचा, म्हणजे पोलादी गोळ्यांनी दगड दळणाऱ्या पिंपाचा, आवाज आहे, कान जपायचे. नोकरीचं गाव बहुधा आडबाजूला असेल, ते आधीच मनाशी धरा. दिवाळीला घरी येणं दरवर्षी जमेल असंही नाही.

ठरवण्याआधी एक करा. नागपूरला हिंगण्याला भारतीय खाण ब्युरोची खनिज प्रक्रियेची प्रयोगशाळा आहे. रीतसर पत्र देऊन बघायची परवानगी मागा. तिला एकटीला आत जाऊ द्या, तुम्ही बाहेर चहा घ्या. परत येताना ती काय बोलते ते ऐका, प्रश्न विचारू नका.

प्रश्न : मी पुण्यात धातुशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. या विषयाकडे आता वळता येईल का?
– एक विद्यार्थी

उत्तर : येईल, मी तशीच आले. गेट ही प्रवेश परीक्षा देऊन धनबादला एमटेक करता येतं. बळ्ळारी जिल्ह्यात संडूरजवळ नंदीहळ्ळीला विद्यापीठाच्या केंद्रात खनिज प्रक्रियेचा पदव्युत्तर अभ्यास होतो, भोवती लोखंडाच्या खाणी. संडूर हे घोरपड्यांचं संस्थान होतं, त्यामुळे मराठी माणसाला ते गाव अगदीच परकं नाही. उन्हाळ्यात भुवनेश्वरच्या किंवा जमशेदपूरच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत प्रकल्प मिळतो का, ते आत्ताच विचारायला लाग.

आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत धूळ खात पडलेली छोटी बॉल मिल असेल, ती चालू कर. दगड दळ, चाळण्या लाव, प्रत्येक चाळणीवरचा माल तोलून बेरीज कर. सुरुवातीच्या वजनाशी ती जुळली नाही तर आकडा दुरुस्त करू नकोस, चाळण्या पुन्हा झाड.