‘आमच्यात स्थळंच उरली नाहीत’

ठाण्यात समुपदेशन करताना बेने इस्राएली, म्हणजे कोकणातल्या मराठीभाषक ज्यू समाजातल्या, तरुण-तरुणींच्या तोंडून एक वाक्य मी वारंवार ऐकत आले आहे : “आमच्यात स्थळंच उरली नाहीत.” ही तक्रार खोटी नाही. २०११ च्या जनगणनेत संपूर्ण भारतातील ज्यूंची संख्या पाच हजारांच्याही आत होती. १९४८ नंतरच्या दशकांत बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली आणि मुंबई, ठाणे, पुणे व रायगडातील काही गावे मिळून मागे थोडकाच समाज राहिला. त्यातून लग्नाच्या वयाचे, मनाजोगे शिकलेले आणि जवळच्या नात्यात न बसणारे असे कितीसे जण निघणार? जे निघतात, त्यांना लहानपणापासून सिनेगॉगच्या (ज्यू प्रार्थनास्थळाच्या) आवारात धावताना पाहिलेले असते. ॲपवर ज्यू हा निकष लावला, तरी तेच ओळखीचे चेहरे समोर येतात आणि त्यातला एखादा मावसभाऊ निघतो.

संख्येचा प्रश्न समुपदेशकाला सोडवता येत नाही. मात्र माझा अनुभव असा, की माझ्यापर्यंत आलेल्या व्यक्तीला आतून छळणारा प्रश्न बहुधा निराळाच असतो.

रिव्काचेच पाहू. (नावे व ओळखीचे तपशील बदलले आहेत.) तिशी ओलांडलेली, विमा कंपनीत चांगल्या हुद्द्यावर असलेली ही मुलगी आली तेव्हा नातेवाइकांनी सुचवलेल्या अश्दोद या इस्रायली शहरातल्या एका मुलाशी तिचे व्हिडिओ कॉल चालू होते आणि अमेय या हिंदू सहकाऱ्यावर तिचे प्रेम होते. “दोघांपैकी कोण, एवढंच सांगा, मॅडम,” असे तिने पहिल्याच भेटीत म्हटले. मी विचारले, “अश्दोदच्या मुलाशी काय बोलतेस?”

“आजोबांचं गाव कुठलं, कोण कोणाचं लागतं, शब्बाथ पाळता का. मग तो विचारतो, हिब्रू येतं का. झालं.”

“आणि अमेयशी?”

“सगळं. फक्त ज्यू असण्याबद्दल नाही. तो विषय निघाला, की मी हसण्यावारी नेते.”

म्हणजे एकाला तिचे केवळ ज्यूपण ठाऊक होते आणि दुसऱ्याला ते सोडून बाकीचे सारे. पूर्ण रिव्का कोणालाच भेटलेली नव्हती. त्यामुळे निवड लांबणीवर टाकून मी तिला एक दृश्य डोळ्यांसमोर आणायला सांगितले. लग्नाला पाच वर्षे झाली आहेत, शुक्रवारची संध्याकाळ, म्हणजे शब्बाथची (ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीच्या दिवसाची) सुरुवात आहे, घरात काय चालले आहे? तिने विलक्षण बारकाईने सांगितले. सूर्य मावळण्याआधी लावलेले दिवे, काळ्या मनुका भिजवून केलेले किद्दुशचे (शब्बाथच्या आशीर्वादविधीचे) शरबत, नारळाच्या दुधातले मटण, इस्त्री केलेले पांढरे मेजपोस. “समोर कोण बसलंय?” असे मी विचारताच मात्र ती थांबली. पुष्कळ वेळाने म्हणाली, “कोणीच नाही. आई दिसते.” आणि मग, जणू स्वतःलाच ऐकवत : “मॅडम, मी नवरा शोधतच नाहीये. आमचं घर माझ्यापाशी संपू नये, एवढंच बघतेय.”

माणूस एकट्याने निर्णय घेतो, असे मी मानत नाही. त्याच्या मागे दोन-तीन पिढ्या उभ्या असतात, आणि त्यांची दखल घेतल्याशिवाय दिलेला सल्ला वाया जातो, असे माझे ठाम मत आहे. रायगडातल्या नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले आणि सात जोडपी वाचली, अशी या समाजाची परंपरागत कथा आहे. ज्या समाजाची कथाच सात जोडप्यांपासून सुरू होते, तिथे जोडपे न होणे ही कोणाची खासगी बाब राहत नाही. शिवाय १९६० च्या दशकात इस्रायलमधील रब्बींनी (ज्यू धर्मगुरूंनी) बेने इस्राएलींच्या विवाहांआधी पूर्वजांत कोणी ज्यूबाह्य नाही ना, याची चौकशी सुरू केली होती आणि १९६४ मध्ये समाजाला त्याविरुद्ध तीव्र आंदोलन करावे लागले होते. त्या काळात इस्रायलला गेलेल्या मावशीकडून रिव्काच्या आईने हे सारे ऐकले होते. ‘बाहेरचा’ मुलगा म्हटल्यावर त्या का घाबरत, हे मुलीला प्रथमच उमगले.

पुढच्या भेटीला आई आल्या. “आम्ही जुन्या वळणाचे नाही हो. पण हिनं बाहेर लग्न केलं, तर आमच्या घरचा मलिदा कोण करणार?” मलिदा म्हणजे एलियाहू हन्नवी या प्रेषिताच्या नावाने पोहे-खोबऱ्याचे ताट करून गाणी म्हणण्याचा बेने इस्राएली विधी. मी विचारले, “रिव्काला मलिद्याचं ताट करता येतं?” त्या गप्प झाल्या. “कधी शिकवलंच नाही. लग्न होऊन जाणार, तिच्या सासरी जसं असेल तसं, असंच धरून चाललो.” घराण्याचा सगळा वारसा एका अद्याप न सापडलेल्या जावयाच्या भरवशावर सोडलेला होता आणि समोर बसलेल्या मुलीच्या हाती काहीच दिलेले नव्हते! माझ्या कामात असे क्षण क्वचित येतात आणि आले, की सारे सोपे होते. त्यानंतर मायलेकींनी स्वयंपाकघरात एकत्र बसून पोहे भिजवले, खोबरे खवले आणि आईने एलियाहू हन्नवीची गाणी मुलीला लिहून दिली.

या वाटेवर असलेल्यांना माझे सांगणे असे, की आपल्याला घरात काय जगायचे आहे ते आधी ठरवावे आणि ते समोरच्याला लवकर, स्पष्टपणे सांगावे. सहा महिने टाळून मग ‘एक सांगायचं होतं’ म्हणणे हा त्याच्यावर अन्याय असतो. धर्मशास्त्राप्रमाणे आई ज्यू असेल तर मूल ज्यू ठरते. म्हणून ज्यूबाह्य मुलीशी लग्न करू पाहणाऱ्या मुलांनी अपत्यांचा विचार अधिक आधी करायला हवा. मुलाची आठव्या दिवशीची सुंता, नावे, सणवार हे विषय अवघड वाटले तरी बोलावेतच. विशेष विवाह कायद्याखाली (१९५४) नोंदणीपूर्वी तीस दिवसांची नोटीस लागते, आणि इस्रायलमध्ये आंतरधर्मीय विवाह लावलाच जात नाही, परदेशात झालेला असल्यास नोंदवला जातो; तिकडे स्थायिक होण्याचा बेत असेल, तर हे आधीच ठाऊक असावे. परदेशातल्या स्थळाशी पूर्वजांइतकेच पैशांबद्दल, भांडणांबद्दल आणि कोण कोणाची भाषा शिकणार याबद्दल बोलावे. आणि समाजातला मुलगा ‘भावासारखा वाटतो’ म्हणून नाकारताना थोडे थांबावे. पुष्कळदा अडचण भावनेची नसते. दोनदा चहा प्यायला गेले, तर तिसऱ्या दिवशी सगळ्या मावश्यांना कळेल, ही धास्ती असते. त्यावर उपाय मावश्यांनी करायचा आहे.

रिव्काने अश्दोदचे कॉल स्वतःहून थांबवले आणि त्या मुलाला कारणही सांगितले. अमेयशी ती आता सगळे बोलते. शुक्रवारचे दिवे त्याला मान्य आहेत, सुंतेबाबत त्याचे मन तयार नाही, आणि लग्न ठरलेले नाही. आई त्याला अजून ‘तो मुलगा’ म्हणतात. पुढच्या मलिद्याला त्याला बोलवायचे की नाही, यावर मायलेकींचा जोरदार वाद चालू आहे, पण त्यासाठी त्यांनी माझी वेळ मागितलेली नाही.