वाइनच्या गावात न पिणाऱ्यांनी करायचं काय?

प्रश्न: नमस्कार, जूनमध्ये आम्ही दोघं मुलाकडे अमेरिकेत सॅन होजेला चाललोय, पहिल्यांदाच. तो म्हणतोय तिथल्या वाइनसाठी प्रसिद्ध नापा व्हॅलीत कॅलिस्टोगा म्हणून छोटं गाव आहे, दोन दिवस तिकडे जाऊन राहू. आता मी घेत नाही, ह्यांना डॉक्टरांनी बंद केलीय, शिवाय ह्यांचे गुडघे. सुनेला मात्र हौस आहे. आम्ही तिथे खायचं काय आणि दिवसभर करायचं काय? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर: ताई, आधी मुलाला हो म्हणून टाका. लेकीकडे गेले होते तेव्हा मीपण असंच नाक मुरडलं होतं, की वाइनच्या गावाला जाऊन मी काय टाळ कुटू, आणि आता त्या तीन महिन्यांतलं सगळ्यात जास्त काय आठवतं तर तेच गाव. कारण कॅलिस्टोगा मुळात गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव आहे, आपल्या वज्रेश्वरीसारखं म्हणा, फक्त देऊळ नाही आणि दर डॉलरमध्ये. सॅम ब्रॅनन नावाच्या एका श्रीमंत माणसाने १८६२ मध्ये तिथे हवा खायला येणाऱ्यांसाठी हॉटेल काढलं. न्यूयॉर्ककडे सॅराटोगा म्हणून अशाच पाण्याचं गाव आहे, तर म्हणतात की ह्या गृहस्थाला ‘कॅलिफोर्नियाचं सॅराटोगा करीन’ म्हणायचं होतं, पण घेतलेली होती म्हणून तोंडातून ‘सॅराफोर्नियाचं कॅलिस्टोगा’ बाहेर पडलं आणि तेच नाव चिकटलं. खरंखोटं तोच जाणे.

तिथली खासियत म्हणजे मड बाथ. ज्वालामुखीची राख गरम पाण्यात कालवून टब भरलेला असतो, इतका दाट की आपण आत बुडतच नाही, वरच तरंगत बसतो, मग तिथली बाई आपल्या पोटावर खांद्यावर चिखल लोटून आपल्याला पुरते, फक्त तोंड बाहेर. कपाळावर गार फडकं, स्ट्रॉने काकडीचं पाणी. पहिली दोन मिनिटं मला वाटलं ओरडावं, पुढच्या आठ मिनिटांत झोप लागायची बाकी होती. मग शॉवर, गरम पाण्याचा टब, वाफ, आणि शेवटी चादरीत गुंडाळून निजवतात. रात्री कानातून राख निघाली ती वेगळी. खर्च माणशी शंभर डॉलरच्या वर जातो, त्याचे रुपये करू नका, मी केले आणि मूड गेला. पण बीपी किंवा हृदयाचं काही असेल तर हे करायचं नाही, त्यामुळे तुमच्या ह्यांना डॉक्टरांनी नक्की कशासाठी बंद केलीय ते आधी बघा. त्यांना नुसता गरम पाण्याचा पूल बरा. इंडियन स्प्रिंग्ज रिसॉर्टचा पूल १९१३ पासूनचा आहे, पाणी तिथल्याच झऱ्यांचं, पण तिथे राहणाऱ्यांना पहिला मान, म्हणून मुलाला खोली बघतानाच चौकशी करायला सांगा.

दुसरं म्हणजे ओल्ड फेथफुल गीझर. गावाबाहेरच आहे, बाकड्यावर बसायचं आणि जमिनीतून उकळत्या पाण्याचा फवारा उडायची वाट बघायची, गुडघ्यांना काही त्रास नाही. तिथे काही शेळ्या पाळल्यात, त्या दचकल्या की पाय ताठ करून चक्क आडव्या पडतात आणि थोड्या वेळाने काही झालंच नाही अशा उठून चरायला लागतात. मला फवाऱ्यापेक्षा त्या आवडल्या.

वाइनरी, म्हणजे जिथे वाइन बनवतात आणि चाखायला देतात ती जागा, एकच करा. तीन-तीन करणारे लोक दुपारनंतर फक्त गाडीत बसतात आणि उतरतात. गुडघ्यांचा विचार केला तर स्टर्लिंग बरी, तिथे रोपवेने वर नेतात. कास्तेलो दि आमोरोसा म्हणजे अख्खा जुन्या पद्धतीचा किल्ला, १०७ खोल्या, पण बांधून झाला २००७ मध्ये! रायगड बघितलेल्या माणसाला हसू येतं आणि जिनेही आहेत. सुनेला खरंच वाइनमधलं कळत असेल तर शातो माँटेलेनाला जाऊ दे, १९७६ ला पॅरिसमध्ये लेबलं झाकून चव घेतली तेव्हा फ्रेंचांना मागे टाकून ह्यांचीच पांढरी वाइन पहिली आली होती. कुठेही जा, बुकिंग आधी.

आता खाणं. आमची फजिती सांगते. दुपारी पावणेतीनला एका हॉटेलात गेलो तर किचन बंद, आता पाचला या. आपण पुण्यातल्या दुकानदारांना एक ते चारवरून उगाच नावं ठेवतो. शेवटी पार्किंगमध्ये डिकी उघडून लेकीने बांधलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लोणचं खाल्लं. तर बारा-साडेबाराला जेवून घ्या. मेक्सिकन ठिकाणी बीन्सचा बरिटो (पोळीत गुंडाळलेला) पोटभरीचा असतो, पण बीन्समध्ये कधी डुकराची चरबी असते आणि भातात चिकनचं पाणी, ते न लाजता विचारायचं. येताजाता नापा गावात ऑक्सबो मार्केट लागतं, एका छपराखाली बरेच स्टॉल, तिथे प्रत्येकाला आपापलं मिळतं, भांडण नाही. दिवसा ऊन कडक, संध्याकाळी गारठा, स्वेटर घ्याच.

प्रश्न: आम्ही चौघं मित्र सप्टेंबरमध्ये तिकडेच जाणार, सगळेच घेणारे. गाडी भाड्याची. काही टिप्स? (एक वाचक, औंध)

उत्तर: चौघंही घेणार तर चालवणार कोण ते आधी ठरवा, तिकडे पोलिसांशी ‘साहेब, जरा बघा ना’ चालत नाही. घोट चाखून थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, ते वापरलं तर कुणी हसत नाही. सप्टेंबर म्हणजे द्राक्षकाढणी, तुफान गर्दी, शनिवार-रविवार टाळा. आणि हायवे २९ सोडून सिल्व्हराडो ट्रेलने जा, दोन्ही रस्ते कॅलिस्टोगालाच पोचतात पण ह्याच्यावर गर्दी कमी. त्याच दिवसांत वणव्याचीही भीती असते, बातम्या बघून निघा.

प्रश्न: अमेरिका राहू दे, पुण्याहून जाऊन येण्यासारखं सांगा की. (एक वाचक, धनकवडी)

उत्तर: नाशिकचा गंगापूर रोड. जानेवारी ते मार्चमध्ये जा, तेव्हा वेलीला घड असतात, एप्रिलमध्ये खरड छाटणी (हंगामानंतरची मोठी छाटणी) झाली की नुसती खोडं आणि ओलांडे, म्हणजे आडव्या फांद्या, बघायला मिळतील. शुक्रवारी पहाटे निघा, सकाळी चुलीवरची मिसळ, दुपारी खोलीत झोप, ऊन उतरल्यावर वाइनरीच्या गच्चीत. शनिवारी जेवून परत फिरा, रविवारी तिथे बसायला जागा मिळत नाही. आणि येताना सिन्नरला गोंदेश्वराच्या देवळात अर्धा तास थांबा, चपला काढल्यावर दगड तापलेला असतो, मोजे घालूनच जा.