पोटमाळ्यावर रूळ टाकण्याआधी

पोटमाळ्यावर मॉडेल रेल्वे, म्हणजे विजेवर चालणारी छोटी आगगाडी मांडायची असेल, तर रूळ विकत घ्यायची घाई करू नकोस, आधी छताकडे बघ. पोटमाळा उन्हाळ्यात भट्टीसारखा तापतो, थंडीत गारठतो. आतून उष्णतारोधक थर लाव, पण हवा खेळती राहू दे, नाहीतर लाकडाला ओल धरते.

माझ्या पहिल्या मांडणीत मी रुळांचे तुकडे अगदी घट्ट भिडवून ठोकले होते. पहिल्याच कडक उन्हाळ्यात वळणावरचा रूळ कमानीसारखा वर आला, खिळ्यांसकट. निकेल-सिल्व्हरचा (तांबं, निकेल आणि जस्ताचा मिश्रधातू) १ मीटर रूळ ३० अंशांच्या फरकाने जेमतेम अर्धा मिलिमीटर वाढतो, पण दहा मीटरांत तेच ५ मिलिमीटर होतात. म्हणून गारव्यात रूळ टाकत असशील, तर सांध्यात पातळ पुठ्ठ्याचा तुकडा धरून तेवढी फट सोड. असे सैल सांधे वीज नीट पोचवत नाहीत, तेव्हा प्रत्येक तुकड्याला वेगळी वायर सोल्डर कर. कंटाळवाणं काम आहे, पण टाळू नकोस.

फळी ७५ सेंटीमीटरपेक्षा रुंद नको. उतरत्या छताखाली, मागच्या कोपऱ्यात घसरलेला डबा हाताला लागला पाहिजे. एचओ मापासाठी (खऱ्या गाडीच्या १/८७ आकाराचं मॉडेल) वळणाची त्रिज्या जमल्यास ६० सेंटीमीटर ठेव, लांब डबे सुरेख वळतात. झाडं, डोंगर, स्टेशन नंतर. आधी महिनाभर नुसती गाडी चालव.