संवाद कोपऱ्यातून का येतात?

प्रश्न : आमचा हॉल १० बाय १२ फुटांचा. ४३ इंची टीव्हीला पाच छोटे स्पीकर आणि एक सबवूफर असा ५.१ संच जोडला आहे. मारामारी दणक्यात वाजते, पण संवाद कळत नाहीत. पुरुषांचे आवाज तर सबवूफर ठेवलेल्या कोपऱ्यातून येतात असं वाटतं. नवा संच घ्यायचा तर कोणता? (वाचक, डोंबिवली)

उत्तर : तो भास नाही, आवाज खरंच तिथून येतोय. छोट्या स्पीकरची जाळी काढून पाहा. आतला ड्रायव्हर (आवाज काढणारा कोन) अडीच-तीन इंची असेल. त्याला साधारण १५० हर्ट्झच्या खालचं झेपत नाही, म्हणून ते सगळं सबवूफरकडे वळवलेलं असतं. पुरुषी आवाजाचा मूळ सूर ढोबळमानाने ८५ ते १५५ हर्ट्झमध्ये असतो. म्हणजे बोलणारा एकच, पण त्याचा अर्धा आवाज टीव्हीजवळून आणि अर्धा कोपऱ्यातून. ८० हर्ट्झखालचा आवाज कुठून येतो हे कानाला सहसा कळत नाही; १५० ला मात्र लगेच कळतं.

तेव्हा पाच स्पीकरचा हट्ट सोडा. त्याच पैशांत ४ ते ५ इंची वूफरचे दोन चांगले बुकशेल्फ स्पीकर आणि ८ इंची सबवूफर घ्या, क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा आवाज सबवूफरकडे वळतो ती सीमा) ८० ते १०० हर्ट्झवर ठेवा. सोफा भिंतीला टेकलेला असताना मागचे स्पीकर कानाला चिकटतात आणि नुसते खटकत राहतात. अ‍ॅम्प्लिफायरला ‘सब आउट’ (सबवूफर जोडायची जागा) आणि एचडीएमआय एआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआय वायरने बाहेर आणणारी सोय) दोन्ही आहेत ना, हे दुकानातच पाहून घ्या. खोक्यावरच्या पीएमपीओच्या (क्षणभराच्या कमाल ताकदीच्या) आकड्याला काही अर्थ नाही, आरएमएस म्हणजे सलग मिळणारी ताकद विचारा. ८६ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे एका वॅटला एक मीटरवर ८६ डेसिबल देणारा स्पीकर आठ फुटांवर १६ वॅटमध्ये सुमारे ९० डेसिबल देतो, आणि घरात तेवढा आवाज कुणी सलग ऐकत नाही. चॅनेलमागे ३०-४० वॅट आरएमएस पुष्कळ झाले.

दोन स्पीकरमध्ये ६ ते ७ फूट अंतर ठेवा. ट्वीटर (बारीक, उंच सूर काढणारा छोटा भाग) तुम्ही बसल्यावर कानाच्या रेषेत यावा. शोकेसच्या कप्प्यात खोल ढकललात तर आवाज डब्यातून आल्यासारखा येईल. वायर १.५ चौरस मिलिमीटरची, लाल टोक लालला. एका स्पीकरची टोकं उलटी लागली तर संवाद मधोमध बसत नाहीत आणि बास पातळ होतो. नवा स्पीकर खराब निघाला म्हणून परत नेण्याआधी एवढं जरूर तपासा. रिसीव्हर (अनेक स्पीकर चालवणारा अ‍ॅम्प्लिफायर) घेतलात तर सेटिंगमध्ये सेंटर म्हणजे मधला, संवादांचा स्पीकर ‘नाही’ असं सांगा. नाहीतर न जोडलेल्या त्या स्पीकरकडे संवाद जातील आणि मागे फक्त संगीत उरेल.

प्रश्न : सबवूफरचा एखादाच सूर प्रचंड घुमतो, बाकीचे दबतात. खालच्या मजल्यावरून तक्रारही आली. (वाचक, चिंचवड)

उत्तर : घुमतेय ती खोली. १० फूट अंतरावरच्या समोरासमोरच्या भिंतींमध्ये सुमारे ५६ हर्ट्झचा सूर फुगतो, १२ फुटांमध्ये ४७ चा. कोपऱ्यातला सबवूफर अशा दोन्ही सुरांना एकदम जागं करतो आणि भिंतीला टेकून बसलेल्याला त्याचा सगळ्यात जास्त मार बसतो. सोफा फूटभर पुढे ओढा. मग सबवूफर थोडा वेळ सोफ्यावरच, तुमच्या बसायच्या जागी ठेवा, बास असलेलं गाणं लावा आणि भिंतीकडेने चक्क रांगत फिरा. जिथे सगळे सूर सारखे ऐकू येतील, तीच सबवूफरची जागा. विचित्र वाटेल, पण कुठल्याही महागड्या वायरपेक्षा हा अर्धा तास जास्त कामाचा आहे. सबवूफरवरचं फेजचं बटण (त्याचा आवाज स्पीकरच्या आवाजाशी जुळवणारं) ० आणि १८० दोन्हीकडे करून पाहा. ज्यात बास भरीव लागतो ते ठेवा. खाली जाड रबर किंवा फोमचा पॅड घातला की लादीतून जाणारी थरथर कमी होईल. हवेतून जाणारा आवाज मात्र पॅडने अडत नाही, त्यामुळे रात्री ‘नाइट मोड’ (मोठे दणके दाबणारं सेटिंग) लावाच.

प्रश्न : साउंडबार ॲटमॉसचा (वरूनही आवाज आल्यासारखा वाटणाऱ्या डॉल्बी तंत्राचा) आहे, पण त्यावर ॲटमॉस कधीच दिसत नाही. ऑप्टिकल वायर जोडली आहे. (वाचक, मडगाव)

उत्तर : वायर बदला. ॲप्सवरचा ॲटमॉस डॉल्बी डिजिटल प्लस या ऑडिओ फॉरमॅटमधून येतो आणि ऑप्टिकलमधून तो जात नाही. टीव्हीच्या ‘एआरसी’ लिहिलेल्या एचडीएमआय पोर्टलाच जोडा, सीईसी (जोडलेली यंत्रं एकमेकांना चालवतात ते सेटिंग) चालू करा आणि डिजिटल ऑडिओ आउटपुट पीसीएम म्हणजे साध्या आवाजावरून ‘पास-थ्रू’ किंवा ‘ऑटो’वर न्या. बारचे ड्रायव्हर छताकडे तोंड करून असतील तर छत सपाट हवं. थेट वर पंखा किंवा माळा आला तर उंचीचा परिणाम मिळणार नाही.