वहीतल्या कोऱ्या ओळी

चैत्र सरत आला की जळगावातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, हे सगळं आमच्यावरच संपणार का?" 'हे सगळं' म्हणजे कुणासाठी खापरावरचे मांडे, कुणासाठी कानबाई देवीचं जागरण, कुणासाठी आईच्या हातची गोधडी. आखाजी, म्हणजे आमच्या खानदेशातली अक्षय्य तृतीया, जवळ आलेली असते, माहेर आठवतं. पुरुष ही तक्रार घेऊन क्वचितच येतात. आखाजीला ते पत्ते खेळतात, ते अजून कुठे बुडालेत!

त्यातल्याच एका ताईंची ही गोष्ट. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. पंचेचाळिशी उलटलेली, नोकरी, माहेर एरंडोलकडचं, आईला जाऊन वर्ष झालेलं. आई गौराईची, झोक्यावरची अहिराणी गाणी म्हणायची. लग्नाआधी ताईही तिच्यासोबत म्हणायच्या. मग नोकरी, फ्लॅट, मुलीचे क्लास. आता त्यांनी वही केली होती. आठवेल ते लिहायचं, आठवणार नाही तिथे ओळ कोरी सोडायची. त्या कोऱ्या ओळींनी त्यांची झोप उडवली होती.

"मुलीला येतात?"

"एकही नाही. पुण्याला असते. फोनवर विचारलं की म्हणते, मम्मी, परीक्षा नको घेऊ."

मनातला 'पाहिजेच'चा हट्ट शोधायला लावणाऱ्या मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या वाटेने मी जाणारी, त्यामुळे माझा कान आधी 'च'वर जातो. सगळं आठवलंच पाहिजे, मुलीने शिकलंच पाहिजे. दोन-तीन बैठका आम्ही त्या 'च'वरच काढल्या. झोप थोडी सुधारली, पण वही उघडली की डोळे भरायचेच. आई गेल्याचं दुःख आहे, वेळ लागेल, असं मी धरून चालले होते. ते अर्धंच खरं होतं.

एकदा मी वहीच मागवली. मुराळ्याच्या, म्हणजे माहेरी न्यायला येणाऱ्या भावाच्या, गाण्यात मधली ओळ कोरी होती.

"इथे आई काय म्हणायची?"

"एका वर्षी मुराळी बैलगाडीनं यायचा. नंतर एसटीनं. माझ्या लग्नानंतर भावानं मोटारसायकल घेतली, तर आईनं तीच घातली."

"म्हणजे दर वर्षी वेगळं?"

"हो ना. कुणी विचारलं की म्हणायची, मी जे दखस तेच म्हनस. जे बघते तेच म्हणते."

"मग यातली कुठली ओळ विसरलात तुम्ही?"

ताई वहीकडे बघत राहिल्या. खाली रिक्षावाल्यांचं भांडण चाललं होतं, ते संपलं तरी बोलल्या नाहीत. मग एकदम हसल्या. "मॅडम, ही ओळ कधी पाठ नव्हतीच. ती लावायची असते."

इतकी वर्षं या खुर्चीत बसतेय, पण तो प्रश्न वेळेवर सुचला याचं मला अजून बरं वाटतं. ताईंना आईची गाणी हरवल्याचं वाटत होतं. हरवलं होतं ते त्यांचं स्वतःचं ओळ लावणं, आणि तेही वीस-बावीस वर्षांपूर्वीच.

म्हणून अशी काळजी घेऊन येणाऱ्यांना मी आधी जपणं आणि करणं वेगळं करायला सांगते. आपल्या असोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. त्या काम करता करता रचत गेल्या. उतरवून घेतलं मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरच्यांनी, पुस्तक आलं 1952 साली, त्या गेल्यानंतर. दोन्ही कामं एकट्याने अंगावर घेतली की रचणारा मरतो आणि कारकून उरतो. रेकॉर्डिंग करायचं तर भाच्याला करू द्या.

काही गोष्टी जाणारच. पिठाची गिरणी आली, जातं माळ्यावर गेलं आणि दळतानाच्या ओव्याही गेल्या. पण पहाटे उठून कुणाला दळायचंय? त्यासाठी स्वतःला गुन्हेगार ठरवू नका. मुलांची परीक्षा घेऊ नका, त्यांच्या कानावर पडेल असं आपणच काहीतरी करत राहा. भांडी घासताना एक ओळ पुरते. चुकली तर चुकली. आणि महिनोन्महिने झोप, जेवण, कामावरचं लक्ष परत येत नसेल, तर गाण्यावर भागवू नका, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.

आखाजीनंतर ताई एकदा आल्या. त्यांच्या गाण्यात आता मुराळी तिकीट वेटिंगवर असल्यामुळे पुणे स्टेशनात अडकला होता. ऐकून मुलगी फोनवर खूप हसली म्हणे, आणि 'तत्काळमधून काढ म्हणावं' अशी पुढची ओळ तिनेच सुचवली.

"म्हणून दाखवा की," मी म्हटलं.

"इथे खुर्चीत बसून? नाही बाई, झोका पाहिजे."