टीबीच्या औषधांसोबत स्टेरॉइड का देतात?

तुमची शंका रास्त आहे: स्टेरॉइडने प्रतिकारशक्ती दबते, मग टीबीच्या मेंदूज्वरात ते देतातच कशाला? कारण तिथे जंतूंइतकंच नुकसान शरीराची स्वतःची सूज करते. मेंदूच्या तळाशी घट्ट, चिकट स्राव साचतो. त्यामुळे मेंदूभोवतीच्या पाण्याची वाट तुंबते, रक्तवाहिन्या सुजून अरुंद होतात आणि पक्षाघातही होऊ शकतो. अँटिबायोटिक जंतू मारतं, पण ही सूज लगेच उतरवत नाही. व्हिएतनाममध्ये ५४५ रुग्णांवर झालेल्या चाचणीत (२००४) डेक्सामेथासोन या स्टेरॉइडमुळे मृत्यू कमी झाले. अपंगत्व मात्र फारसं घटलं नाही, हेही सांगायलाच हवं.

कुष्ठरोगातही ‘रिअ‍ॅक्शन’ (प्रतिकारशक्तीची अचानक उसळी) येऊन नसा सुजल्या की प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड देतात, एमडीटी (कुष्ठरोगावरचा अनेक औषधांचा एकत्रित उपचार) चालू ठेवूनच. नस वाचवायची तर इथे उशीर परवडत नाही.

फुप्फुसाच्या साध्या टीबीत मात्र स्टेरॉइड सहसा लागत नाही. आणखी एक, रिफॅम्पिसिन या टीबीच्या औषधामुळे यकृत प्रेडनिसोलोनचा लवकर निचरा करतं, म्हणून डोस डॉक्टरांनाच ठरवू द्या. स्टेरॉइड मनाने सुरू करू नका, आणि अचानक बंद तर मुळीच करू नका.