धड्याची पानं स्टेपल करून नीट होत नाही, भाई

भाई, तुम्ही कुवेतहून लिहिलंत. पत्र मोठं आहे, पण गोष्ट एवढीच की लेक दापोलीकडे खाडीकाठच्या गावात बारावी सायन्सला आहे, अकरावीला 81 टक्के, तिला माशांचं शास्त्र नाहीतर झूलॉजी करायचंय आणि तुम्हाला डॉक्टरकीची नीट परीक्षा हवीय, ते नाही जमलं तर फार्मसी. कारण झूलॉजीत डार्विनची उत्क्रांती, म्हणजे इव्होल्युशन, शिकवतात, पोरीचं ईमान जाईल, असा व्हिडिओ तिच्या मामूंनी पाठवलाय. मार्कांचं सोडा, मार्क चांगले आहेत. मी अडकले ते मधल्या दोन ओळींवर. सुट्टीत गावी आलात तेव्हा बायोलॉजीच्या पुस्तकातली ‘ओरिजिन अँड इव्होल्युशन ऑफ लाइफ’ या धड्याची पानं तुम्ही स्टेपल करून टाकलीत आणि ऐकलं नाहीस तर निकाह लावून देऊ म्हणालात.

वर लिहिताय, तेव्हापासून पोरगी शांत झालीय, वाद घालत नाही, म्हणजे तिला पटलं. पटलं कुठलं! या वयातली पोर एकदम गप्प होते तेव्हा बहुतेक वेळा तिने बापाला काही सांगायचं सोडलेलं असतं. तो धडा ती मैत्रिणीच्या पुस्तकातून नाहीतर मोबाइलवर वाचणारच, फक्त त्यावर प्रश्न पडला तर विचारायला आता घरात माणूस नाही. आधी होता की. तुम्हीच लिहिलंय, ‘अब्बा, निवटी चिखलावर चालते कशी, मासा असून मरत का नाही’ असलं काहीतरी फोनवर तासभर विचारत बसायची. आणि निकाहचं म्हणाल तर ज्या गोष्टीला तुम्ही सुन्नत, म्हणजे पैगंबरांची रीत, मानता तिची भीती दाखवून अभ्यास करून घ्यायचा? मला तरी हे फार वाईट वाटलं.

आता गंमत बघा. इव्होल्युशन नको म्हणून तुम्ही तिला नीटला पाठवताय, आणि नीटच्या सिलॅबसमध्ये जेनेटिक्स अँड इव्होल्युशन हे आख्खं युनिट आहे. 720 पैकी 360 मार्क बायोलॉजीचे असतात. पुढे एमबीबीएसला गेली तरी जंतू औषधाला दाद देईनासे का होतात हे कळायला तोच डार्विन लागतो. म्हणजे अडचण डार्विनची नाहीच ना? डॉक्टर म्हटलं की चालतं, मासेवाली बाई म्हटलं की ईमान आठवतं. रागावा हवं तर, पण हे एकदा स्वतःशी बोलून बघा.

इस्लाममध्ये यावर एकच उत्तर आहे आणि ते ‘नाही’ असं मामूंचा व्हिडिओ सांगतो, ते मात्र खरं नाही. मी काही आलिम, म्हणजे धर्माची जाणकार, नाही, फतवा माझ्याकडून घेऊ नका, पण इतिहास सांगू शकते. लेबनॉनमधल्या त्रिपोलीचे आलिम हुसेन अल-जिस्र यांनी 1888 च्या आसपासच लिहून ठेवलंय की हा सिद्धांत पक्का सिद्ध झाला तर कुराणातल्या आयतींचा अर्थ त्याच्याशी जुळवून लावता येईल. आज काही अभ्यासक सगळं मानतात, काही जण बाकी सगळं मानतात पण हजरत आदम यांची निर्मिती वेगळी धरतात, काही साफ नाकारतात. तुर्कस्तानने 2017 मध्ये शाळेतून हा विषय काढायचं ठरवलं, शेजारच्या इराणमध्ये शिकवतात. आपल्याकडे तर एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातूनही तो गेला, तिथे मामूंचा काय संबंध! उलट्या बाजूचे फॉरवर्डपण येतात हां, की बसराच्या अल-जाहिजने नवव्या शतकातच डार्विन सांगितला. त्याने प्राण्यांवर प्रचंड ग्रंथ लिहिला, कोण कोणाला खातं, जागेचा प्राण्यावर काय परिणाम होतो याचं निरीक्षण केलं, पण डार्विनचा सिद्धांत ती गोष्ट नव्हे. लेकीला खोटा अभिमानही नका देऊ. जॉर्डनच्या राना दजानी दाखवा. हिजाब घालणाऱ्या, नमाजी, मॉलिक्युलर बायोलॉजिस्ट बाई, युनिव्हर्सिटीत मुस्लिम मुलांना इव्होल्युशन शिकवतात आणि का शिकवतात यावर ‘नेचर’मध्ये 2015 ला लेखही लिहिलाय.

माझं मत विचाराल तर विज्ञानाच्या बाजूने यात शंका उरलेली नाही, आणि परीक्षेत पेपर तुमचा विश्वास विचारत नाही, पुरावा काय तो विचारतो. माणूस आजच्या माकडापासून झाला असंही तो धडा म्हणत नाही, दोघांचे पूर्वज कोट्यवधी वर्षांमागे एक होते एवढंच म्हणतो.

करिअरचं थोडक्यात. बीएफएससी म्हणजे मत्स्यशास्त्राची चार वर्षांची डिग्री, कॉलेज रत्नागिरीत शिरगावला, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं, बारावी सायन्स आणि सीईटी लागते. साधं बीएससी झूलॉजी रत्नागिरीतही होतं. पुढे गोव्यात दोना पावलाला एनआयओ ही समुद्रविज्ञानाची राष्ट्रीय संस्था आहे. किनाऱ्यावरच्या पोरीला हे सगळं एसटीच्या अंतरावर आहे, कुवेतपेक्षा तरी नक्की जवळ.

पण फॉर्म नंतर. या शुक्रवारी फोन कराल तेव्हा अभ्यासाचं काही विचारू नका, निवटीचं विचारा आणि ती बोलेल तेवढं ऐका, मध्ये मामूंचं नाव न काढता. मग तिलाच मला पत्र लिहू द्या, पाठवायच्या आधी तुम्ही न वाचता.